ब्रिटनमध्ये नोकरी सांभाळून अर्धवेळ एमबीए करावे का?

उंबरठा

नमस्कार. मी गेली तीन वर्षे ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करत आहे. शिक्षणाने यंत्र अभियंता असून एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. वय चौतीस. पत्नी माझ्या व्हिसावर अवलंबित म्हणून इथे आहे आणि तीही नोकरी करते. मुलगी चार वर्षांची आहे.

गेल्या वर्षभरात वरच्या पदासाठी दोनदा माझे नाव पुढे आले आणि दोन्ही वेळा यंत्रांविषयीचे प्रश्न संपून पैशांविषयीचे प्रश्न सुरू होताच माझी गाडी अडली. दुसऱ्या वेळी तर मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी नफा-तोट्याचा एक कागद माझ्यासमोर सरकवला आणि यातला कोणता आकडा तुम्ही आधी पाहाल, असे विचारले. मी विक्रीच्या आकड्यावर बोट ठेवले. ते काही बोलले नाहीत, मात्र कागद लगेच परत ओढून घेतला. त्या दिवसापासून एमबीएचा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नोकरी सोडून एक वर्षाचे पूर्णवेळ एमबीए करणे. दुसरा म्हणजे नोकरी चालू ठेवून दोन वर्षांचे अर्धवेळ एमबीए करणे, ज्याचे वर्ग महिन्यातून एकदा शुक्रवार ते रविवार असे सलग भरतात. तिसरा म्हणजे पूर्णपणे ऑनलाइन पदवी घेणे. दुसऱ्या मार्गासाठी कंपनी निम्मे शुल्क भरायला तयार आहे, पण पदवीनंतर दोन वर्षे नोकरी सोडायची नाही आणि सोडल्यास पैसे परत करायचे, अशी तिची अट आहे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आठवड्याला दहा ते बारा तास अभ्यास पुरेल असे लिहिले आहे, त्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी तासांचा खरा हिशेब, व्हिसाच्या अडचणी आणि कंपनीशी करायच्या कराराविषयी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

खतावणी

मी याच पद्धतीने, म्हणजे महिन्यातून एक लांब शनिवार-रविवार वर्गात बसून, दोन वर्षांपूर्वी एमबीए पूर्ण केले. मी खरेदी विभागात काम करते आणि तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता, त्यामुळे तुमची परिस्थिती मला चांगलीच ओळखीची वाटली.

आधी तासांविषयी. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी साधारणपणे १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे वर्ग, वाचन, गटाच्या बैठका, असाइनमेंट आणि शेवटचा प्रकल्प हे सारे मिळून १,८०० तास होतात. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांमधून सुट्ट्या, आजारपणे आणि कामाच्या घाईचे आठवडे वजा केले, तर नव्वदच्या आसपास आठवडे हाती राहतात आणि भागाकार वीस तासांवर येतो. माहितीपत्रकातला दहा-बारा तासांचा आकडा अगदीच खोटा असतो असे नाही, पण तो बहुधा वर्गाचे तास वगळून किंवा तीन वर्षांची मुदत धरून काढलेला असतो. तो नेमका कसा काढला आहे, हे विद्यापीठाला ईमेलने विचारा. उत्तर कसे येते यावरूनही बरेच काही कळेल.

हे वीस तास दर आठवड्याला सारखे वाटून येत नाहीत, हीच खरी अडचण. वर्ग संपल्यावरचे दोन आठवडे तुलनेने शांत जातात आणि असाइनमेंट द्यायच्या आधीच्या आठवड्यात तीस-पस्तीस तास लागतात. त्याच आठवड्यात कार्यालयात तिमाही संपत असेल, तर झोप हाच एकमेव राखीव साठा उरतो. माझा निम्मा अर्थशास्त्राचा अभ्यास मुलाच्या पोहण्याच्या तलावाबाहेर, गाडीत बसून, स्टिअरिंगला लॅपटॉप टेकवून झाला आहे. गाडीच्या काचा आतून धुरकटत आणि पाऊण तासाने मुलगा ओल्या केसांनी येऊन काचेवर टकटक करी, तेव्हा मी बहुधा मागणीच्या लवचिकतेच्या त्याच एका पानावर असे.

रजेचाही हिशेब आजच मांडा. इथे पूर्णवेळ कर्मचाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस भरपगारी रजा मिळते आणि सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरल्या जाऊ शकतात. इंग्लंडमधल्या नेहमीच्या आठ सार्वजनिक सुट्ट्या वजा केल्यास वीस दिवस उरतात आणि महिन्याचा एक शुक्रवार म्हटले तरी दहा-अकरा दिवस त्यातच संपतात. मुलीच्या शाळेच्या सुट्ट्यांसाठी मग काय राहते, ते तुम्हीच पाहा. म्हणून मी म्हणेन की कंपनीशी शुल्काच्या टक्केवारीवर घासाघीस करण्यापेक्षा ते शुक्रवार अभ्यासरजा म्हणून लेखी मागून घ्या. पैसे पगारातून हळूहळू भरून निघतात, पण रजा कुठून भरून निघणार?

गुणांविषयी एक सूचना, कारण याबद्दल आधी कोणी सांगत नाही. पदव्युत्तर स्तरावर इथे बहुतेक ठिकाणी ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन धरतात. पहिल्या असाइनमेंटला मला ६२ मिळाले आणि आयुष्यभर ऐंशीच्या वर राहण्याची सवय असलेल्या मला दोन दिवस तोंड वर काढावेसे वाटले नाही. नंतर कळले की वर्गातल्या बऱ्याच जणांना ५५ च्या आसपास होते आणि प्राध्यापकांच्या लेखी माझे उत्तर चांगले होते. माझ्या उत्तराला तीच टिप्पणी पुन्हा पुन्हा येई, की माहिती पुष्कळ आहे, पण तुमचे मत कुठे आहे? आपल्याकडच्या परीक्षांनी मत लपवायला शिकवलेले असते. ते उघड करून त्याला आधार देत लिहिण्याची सवय लागायला मला तीन असाइनमेंट लागल्या.

आता त्या कागदाविषयी. विक्रीवर बोट ठेवणे हा काही गुन्हा नव्हे, पण तुम्ही उत्पादन नियोजक आहात आणि तुमच्या कामाचा परिणाम त्याखालच्या ओळीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या खर्चात आणि त्यातून निघणाऱ्या ढोबळ नफ्यात दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमच्या नियोजनामुळे साठ्यात अडकलेला किंवा मोकळा झालेला पैसा त्या कागदावर नसतोच, तो ताळेबंदात असतो. ताळेबंद कुठे आहे, असे तुम्ही विचारले असते, तर मला वाटते तो कागद परत गेला नसता.

हे मला एमबीएच्या हिशेबशास्त्राच्या मॉड्यूलमध्ये कळले. आमच्या विभागात दर तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात पुरवठादारांची देणी थांबवा असा निरोप यायचा आणि मी वर्षानुवर्षे त्या पुरवठादारांचे फोन घेऊन खोटी कारणे सांगत आले होते. ताळेबंद एका विशिष्ट दिवसाचा असतो आणि त्या दिवशी बँकेत रोकड जास्त दिसावी म्हणून हा खटाटोप असतो, हे वर्गात खेळत्या भांडवलाचे गणित सोडवताना एकाएकी लक्षात आले. दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना त्याविषयी विचारले आणि त्यानंतर मला त्या बैठकांना बोलावू लागले. पदवी हातात यायला तेव्हा अजून चौदा महिने होते.

मुद्रांक

मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात व्हिसा प्रायोजकत्वाची, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याच्या व्हिसासाठी कंपनी जी जबाबदारी घेते तिची, कागदपत्रे पाहतो. मी वकील नाही आणि हे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा मजकूर वाचावा. तरी तुमच्या प्रश्नाचा साचा स्पष्ट आहे.

स्किल्ड वर्कर व्हिसावर शिक्षण घेण्यास परवानगी आहे, अट एवढीच की ज्या नोकरीसाठी व्हिसा मिळाला ती चालू राहिली पाहिजे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पहिला मार्ग मात्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच महाग आहे, आणि मी शुल्काविषयी बोलत नाही. नोकरी सोडून तुम्ही स्टुडंट व्हिसावर गेलात, तर १ जानेवारी २०२४ पासून लागू असलेल्या नियमानुसार वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला, सरकारी शिष्यवृत्तीसारखे अपवाद सोडल्यास, जोडीदार आणि मुले अवलंबित म्हणून ठेवता येत नाहीत. एमबीए यातच मोडते. म्हणजे तुमच्या पत्नीला स्वतःचा प्रायोजक शोधावा लागेल. तो तिला मिळाला, तर उलट तुम्हीच तिचे अवलंबित होऊन निर्धास्तपणे पूर्णवेळ शिकू शकता. हा मार्ग फार थोड्यांच्या लक्षात येतो, आणि ज्या घरांत पत्नीचे क्षेत्र अधिक मागणीचे आहे, तिथे तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शिवाय स्टुडंट व्हिसावरचा काळ स्किल्ड वर्कर मार्गाने कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांत मोजला जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

अर्धवेळ अभ्यासक्रमासाठीही स्टुडंट व्हिसा मिळतो असे कोणी सुचवल्यास सावध राहा. तो मिळतो हे खरे, पण त्यावर काम करण्यास अजिबात परवानगी नसते, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही.

आता कराराकडे येतो, कारण खरी फसगत तिथे होते. दोन वर्षे हा शब्द वाचून सही करू नका. ती दोन वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची ते पाहा. शुल्काच्या शेवटच्या हप्त्यापासून, अभ्यासक्रम संपल्यापासून आणि पदवीदान समारंभापासून, अशा तिन्ही प्रकारचे करार मी पाहिले आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्या तारखेत सहज वर्षभराचे अंतर पडू शकते. परतफेड एकरकमी आहे की दरमहा घटत जाणारी, हे दुसरे. समजा कंपनीने १२,००० पौंड भरले आणि मुदत २४ महिन्यांची असेल, तर दर महिन्याला ५०० पौंडांनी देणे कमी होत जावे, अशी मागणी अगदी वाजवी आहे. तिसरी आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कंपनीनेच तुमचे पद रद्द केले, तर परतफेड लागू होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. प्रायोजित नोकरी गेली की गृहखाते बहुधा ६० दिवसांची मुदत देते. त्या ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधायचा, घर सांभाळायचे आणि वर जुन्या कंपनीला शुल्क परत करायचे, हे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

कराचा भागही पाहून ठेवा. कामाशी संबंधित प्रशिक्षणाचे शुल्क कंपनीने भरल्यास त्यावर कर्मचाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही, पण तेच शुल्क तुम्ही स्वतःच्या खिशातून भरले तर त्यावर सहसा वजावट मिळत नाही. म्हणून पगारवाढ घेऊन स्वतः शुल्क भरण्यापेक्षा कंपनीने भरलेले परवडते. सरकारचे पदव्युत्तर कर्ज तुमच्या व्हिसावर सर्वसाधारणपणे मिळत नाही. अप्रेंटिसशिपच्या निधीतून व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेण्याची जी वाट पूर्वी होती, ती जानेवारी २०२६ पासून, मोजके अपवाद सोडल्यास, १६ ते २१ वयोगटापुरतीच उरली आहे. तुमच्या मनुष्यबळ विभागातील कोणी अजून तिचा हवाला देत असेल, तर त्यांची माहिती जुनी आहे.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. अवलंबितांच्या नियमाविषयी मला कल्पनाच नव्हती, त्यामुळे पहिला मार्ग आजच खोडला. एक शंका उरते. वीस तासांचा हिशेब वाचून असे वाटले की दोन वर्षांसाठी पाचऐवजी चार दिवसांचा आठवडा मागावा आणि तेवढा पगार कमी घ्यावा, किंवा शेवटच्या प्रकल्पासाठी दीड-दोन महिने बिनपगारी रजा घ्यावी. व्यवस्थापक अनुकूल आहेत. यात काही अडचण आहे का?

मुद्रांक

अडचण आहे आणि ती व्यवस्थापकांच्या हातात नाही. पगारात झालेली घट प्रायोजकाला गृहखात्याला कळवावी लागते आणि कमी झालेला पगारही तुम्हाला लागू असलेल्या किमान मर्यादेच्या वरच राहिला पाहिजे. तुमच्या प्रकारच्या कामासाठी ठरलेला पगाराचा दर कामाच्या तासांच्या प्रमाणात कमी धरता येतो, पण सर्वसाधारण किमान पगाराची मर्यादा तशी कमी होत नाही. चार दिवसांचे काम असले तरी ती पूर्णच लागू राहते. तुमचा पगार मर्यादेच्या बराच वर असेल तरच हा विचार करा आणि तोही कंपनीच्या प्रायोजकत्व पाहणाऱ्या व्यक्तीकडून लेखी उत्तर घेऊन.

बिनपगारी रजेचे तर याहून कडक आहे. आजारपण, बाळंतपण यांसारखी ठरावीक कारणे सोडल्यास एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली, की प्रायोजकत्व थांबवणे कंपनीला भाग पडते. अभ्यास हे त्या अपवादांत बसत नाही. दीड महिना सलग घेण्याऐवजी प्रकल्प डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर आला, तर दोन वेगवेगळ्या वर्षांत रजा विभागता येते, असे गणित काही जण मांडतात. पण इतक्या कडेकडेने चालण्यापेक्षा खतावणी म्हणतात त्याप्रमाणे भरपगारी अभ्यासरजा मागणे बरे. तुमच्या कंपनीत २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील आणि तुमची नोकरी २६ आठवड्यांहून जुनी असेल, तर प्रशिक्षणासाठी वेळ मागण्याचा अर्ज करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे. तो अर्ज मान्य करण्याचे बंधन कंपनीवर नाही, पण नकार देताना तिला व्यावसायिक कारण द्यावे लागते, आणि नुसते तोंडी विचारण्यापेक्षा त्याचा परिणाम वेगळा होतो.

अर्धविराम

थोडा विरोधी सूर लावतो. मी हेच शिक्षण ऑनलाइन सुरू केले आणि १२० क्रेडिट झाल्यावर थांबलो. इथल्या बहुतेक अभ्यासक्रमांत ६० क्रेडिटला पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० ला पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. शेवटचे ६० क्रेडिट बहुधा प्रकल्पाचे असतात. माझ्या हातात पदविका आहे आणि गेल्या चार वर्षांत उरलेल्या साठ क्रेडिटची आठवण मला फक्त नातेवाइकांनी विचारल्यावर झाली.

तुमचा प्रश्न पुन्हा वाचला, तर तुम्हाला पैशांची भाषा येत नाही, एवढीच तुमची तक्रार आहे. एमबीएच्या आठ-दहा विषयांत हिशेबशास्त्र आणि वित्तव्यवस्थापन मिळून दोनच विषय असतात. उत्पादन आणि पुरवठा साखळीचा विषय तुम्हाला बहुधा प्राध्यापकांपेक्षा जास्त येत असेल. उरलेल्यांत विपणन, मनुष्यबळ, धोरण, नेतृत्व वगैरे आले. ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही, पण दोन विषयांसाठी १,८०० तासांचा प्रवास करायचा का, याचा विचार आधी करावा. वित्तेतर व्यवस्थापकांसाठी वित्त या प्रकारचे छोटे अभ्यासक्रम काही आठवड्यांचे असतात. तो करून सहा महिने थांबा, कामावर एखाद्या विभागाचे अंदाजपत्रक हाताळायला मागा, आणि तरीही भूक उरली तर एमबीएकडे वळा.

ऑनलाइन मार्गाविषयी माझा अनुभव असा की शिक्षणाचा दर्जा वर्गापेक्षा कमी नव्हता, एकटेपणा मात्र कितीतरी जास्त होता. आमच्या पाच जणांच्या गटात चार टाइमझोन होते. रविवारी रात्री साडेनऊला आमची बैठक असे, म्हणजे एकाची पहाट आणि दुसऱ्याची दुपार, आणि प्रत्येक वेळी एक जण नेटवर्क गेल्याचे सांगून गायब होई. तो प्रत्येक वेळी वेगळा असे, हे त्यातल्या त्यात बरे. ऑनलाइन निवडायचे असेल, तर एएसीएसबी, एएमबीए आणि इक्विस यांपैकी कोणती मान्यता त्या संस्थेला आहे, हे पाहा. पहिल्या दोन नावांत गफलत होऊ देऊ नका: एएसीएसबी ही १९१६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी संस्था आहे आणि ती इक्विसप्रमाणेच संपूर्ण व्यवस्थापन संस्थेला पारखते, तर १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली एएमबीए प्रत्यक्ष अभ्यासक्रमाला मान्यता देते आणि प्रवेशासाठी किमान तीन वर्षांच्या अनुभवाचा आग्रह धरते. वर्गातले सहाध्यायी अनुभवी हवे असतील, तर ही शेवटची अट उपयोगाची आहे.

पलीकडचा किनारा

मी अमेरिकेत आहे, पण हा धागा वाचून राहवले नाही, आणि उद्या कोणी अमेरिकेचा विचार करत हे वाचले तर त्यांनाही उपयोग होईल. इथेही चित्र तसेच आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळच शिकावे लागते, त्यामुळे परदेशातून थेट येऊन अर्धवेळ एमबीए करणे जमत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारा मात्र नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जाऊ शकतो; मी तसेच केले. कंपनीने दिलेल्या शैक्षणिक मदतीपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम इथे करमुक्त धरली जाते, म्हणून अनेक कंपन्या नेमकी तेवढीच मदत देतात आणि लोक त्या मापाने तीन-चार वर्षे रेंगाळत पदवी पूर्ण करतात.

मला जे कोणी आधी सांगितले नाही ते सांगतो. विद्यापीठाच्या आवारात मोठ्या कंपन्या भरतीसाठी येतात, त्या मुख्यतः पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी येतात. अर्धवेळ विद्यार्थ्यांना, विशेषतः ज्यांचे शुल्क मालक भरतो त्यांना, अनेक संस्था त्या भरतीत भाग घेऊ देत नाहीत किंवा अटी घालून देतात, आणि मालकाच्या पैशावर शिकणाऱ्याला मालकापासून फोडायचे नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. मी क्षेत्र बदलण्याच्या आशेने प्रवेश घेतला होता आणि दुसऱ्या सत्रात हे कळल्यावर चांगलाच हिरमुसलो. तुमचे तसे नाही. तुम्हाला त्याच कारखान्यात किंवा त्याच उद्योगात वर जायचे आहे, त्यासाठी अर्धवेळ पदवी योग्य आहे. अर्धविराम यांच्याशी मी इथेच असहमत आहे. छोट्या अभ्यासक्रमाने ताळेबंद वाचता येईल, पण दोन वर्षे बँकेतल्या, रुग्णालयातल्या आणि बांधकामातल्या लोकांशी एकाच टेबलावर वाद घालून आपल्या उद्योगाबाहेरचे जे दिसते, ते सहा आठवड्यांत कुठून मिळणार?

उंबरठा

दोन आठवडे उत्तर दिले नाही, क्षमस्व. तुमच्या सर्वांच्या सूचनांचा पाठपुरावा करत होतो.

विद्यापीठाने कबूल केले की दहा-बारा तासांत वर्गाचे तास धरलेले नाहीत. मनुष्यबळ विभागाकडून कराराचा मसुदा मागवून घेतला. त्यात दोन वर्षे पदवीदानापासून मोजली होती आणि परतफेड एकरकमी होती. बरीच पत्रापत्री झाल्यावर ती मुदत अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवसापासून आणि दरमहा घटत जाणारी करण्यात आली. पद रद्द झाल्यास परतफेड नाही, हे कलमही जोडले गेले. शुक्रवारांपैकी निम्मे अभ्यासरजा म्हणून मिळतील, निम्मे माझ्या रजेतून जातील. चार दिवसांच्या आठवड्याचा विचार सोडला, कारण तेवढा कमी झालेला पगार मर्यादेच्या अगदी काठावर येत होता.

घरचे बोलणे मात्र यांपैकी कशाहूनही अवघड गेले. मी पत्नीला वर्गांचे वेळापत्रक दाखवले, तेव्हा तिने विरोध केला नाही. तिने स्वतःच्या कामाच्या तारखांचा कागद आणला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पहिल्याच वर्षातल्या ज्या तीन शनिवार-रविवारी तिलाही कामावर जावे लागते, त्यांवर पेन्सिलने गोल केले. त्या तीन वेळी मुलीजवळ कोण, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता एका मैत्रिणीच्या कुटुंबाशी आळीपाळीची व्यवस्था ठरवली आहे आणि प्रवेश जानेवारीऐवजी सप्टेंबरचा घेत आहे.

मधल्या काळात अर्धविराम यांच्या सल्ल्याप्रमाणे वित्ताचा छोटा अभ्यासक्रम करणार आहे. त्याआधी घरबसल्या काही सुरू करता येईल का?

खतावणी

सप्टेंबरचा निर्णय योग्य वाटतो. अभ्यासक्रम सुरू होण्याची वाट न पाहता कंपनीज हाउसच्या, म्हणजे इथल्या कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर जा आणि तुमच्या कंपनीच्या नावाने शोध घ्या. इथल्या कंपन्यांना वार्षिक हिशेब तिथे दाखल करावे लागतात आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. छोट्या कंपन्या त्रोटक हिशेब देतात, पण तुमच्या वर्णनावरून तुमची कंपनी तेवढी लहान वाटत नाही, त्यामुळे नफा-तोटा आणि ताळेबंद दोन्ही मिळावेत.

मागच्या तीन वर्षांचे कागद छापून घ्या. ताळेबंदातला साठ्याचा आकडा घ्या, त्याला नफा-तोटा पत्रकातल्या विकलेल्या मालाच्या खर्चाने भागा आणि ३६५ ने गुणा. तुमच्या कारखान्यात माल सरासरी किती दिवस पडून राहतो, तो आकडा मिळेल. मग तुमच्या नियोजनाच्या तक्त्यात तो किती दिवस पडून राहायला हवा होता, ते शेजारी लिहा. माझ्या कंपनीच्या बाबतीत हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही नव्हते. तुमचे काय येतात ते इथे नक्की कळवा. फरक मोठा निघाला, तर तो कुठे शोधायचा हे आपण पाहू.